धुराड्याला टोपी घाला, बोळा कोंबू नका

पावसाळा तोंडावर आला की आपली धावपळ ठरलेली असते. बांध-बंदिस्ती, बियाणे-खताची जुळवाजुळव, कडब्याच्या गंजीवर झाकण, गोठ्याच्या पत्र्याचे हूक, कौलांची उलटापालट आणि पन्हळीतला पालापाचोळा, या सगळ्याकडे आपले लक्ष जाते. घरावर ऊन-पाऊस-वारा सर्वांत जास्त खाणारी एक वस्तू मात्र या यादीत कधीच नसते. ती म्हणजे स्वयंपाकघरावरचे विटांचे धुराडे.

रहिमतपूर, वाठार किरोली, धामणेर, साप, वेळू, या आपल्या पट्ट्यात कुठेही जा आणि मान वर करून घरांचे माथे बघा. धुराड्याच्या वरच्या दोन थरांच्या विटा हललेल्या असतात, सांध्यातला माल झडलेला असतो, एखाद्या फटीतून पिंपळाचे रोप डोकावत असते. काही धुराड्यांच्या तोंडात खताचे रिकामे पोते कोंबलेले असते, तर काहींवर पत्रा पालथा टाकून त्यावर दगड ठेवलेला असतो. मालकाला विचारलं की उत्तर एकच, ‘‘आतनं पाणी येत हुतं, म्हणून बंद केलं.’’

पाणी बंद झाले खरे, पण धूर कुठे गेला, हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो गेला त्याच स्वयंपाकघरात, चुलीपुढे बसलेल्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत. छपरावर चढणारा गडी वेगळा आणि चुलीपुढे बसणारी बाई वेगळी, म्हणून हा निर्णय इतका सहज होतो. घर कोरडे ठेवायचे की स्वयंपाकघर बिनधुराचे ठेवायचे, असा हा सवाल नाहीच. दोन्ही एकाच वेळी साधते. त्यासाठी धुराड्याला बोळा नव्हे, टोपी लागते. एवढे एकच म्हणणे आज तुमच्यापुढे मांडायचे आहे.

गॅस आला, पण चूल गेली नाही

काही जण लगेच म्हणतील, ‘‘आता घरोघर गॅस आलाय, धुराड्याचं काय घेऊन बसलाय?’’ उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी सुरू झाली आणि गरिबाच्या घरीही शेगडी-टाकी पोचली, हे मोठेच काम झाले. पण आपण आपल्याच घरात खरे बोलू या. अंघोळीचे पाणी कशावर तापते? जनावरांचे आंबोण कशावर शिजते? घरात लग्नकार्य, जत्रा, बारसे असले की भाकऱ्यांची चळत कशावर पडते? टाकी संपली आणि हातात पैसा नसला की काय पेटते? चूलच. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, बाभळीचे सरपण, शेणी, हे सगळे घरचे असते, त्याला रोख पैसा मोजावा लागत नाही. म्हणून गॅस आणि चूल ही जोडी आणखी बरीच वर्षे आपल्या घरात नांदणार आहे.

आणि चुलीचा धूर ही किरकोळ गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या धुराच्या प्रदूषणामुळे जगभरात 32 लाख माणसे दगावली. त्यात पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून अधिक मुले होती. दमा, छातीचे जुनाट दुखणे, हृदयविकार, पक्षाघात, लहान मुलांचा न्यूमोनिया, या सगळ्यांत या धुराचा वाटा असतो. साप चावून माणूस गेला तर गावभर बोभाटा होतो. धुराने खंगलेल्या आजीला मात्र आपण ‘‘म्हातारपणाचा खोकला’’ म्हणून सोडून देतो.

पाणी कुठून शिरते

आता मूळ दुखण्याकडे येऊ. धुराड्यातून पाणी येते म्हणजे नेमके कुठून येते? हे न बघताच आपण इलाज करतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला तपकिरी ओघळ आले की आतून गिलावा करतो, वर चुन्याचा किंवा रंगाचा हात मारतो. पुढच्या पावसात ओघळ पुन्हा हजर! ‘आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी’ म्हणतात तो हाच प्रकार. पाणी वरून येते, आपण खाली बुजवत बसतो.

पाण्याला धुराड्यात शिरायला चार वाटा असतात.

पहिली वाट उघड्या तोंडाची. यातून पाऊस थेट चुलीपर्यंत उतरतो. ही वाट सगळ्यांना दिसते, म्हणूनच पोते कोंबले जाते.

दुसरी वाट माथ्याची. तोंडाभोवती विटांच्या शेवटच्या थरावर गवंडी सिमेंटचा थर देतो. तो बहुधा सपाट आणि पातळ असतो. उन्हाने तापून, पावसाने गार होऊन त्याला केसासारख्या भेगा पडतात. वर पाणी साचते आणि भेगेतून खालच्या विटांत मुरते. ही वाट खालून कुणाला दिसत नाही.

तिसरी वाट सांध्यांची. दोन विटांमधल्या दरजेतला माल भुगा होऊन झडला की तिरका पाऊस तिथे भिंतीत घुसतो. छपरावरचे धुराडे चारही बाजूंनी उघडे. घराच्या भिंतीला निदान वळचणीचा आडोसा असतो, धुराड्याला तोही नसतो.

चौथी वाट धुराडे आणि छपराच्या जोडाची. सर्वांत जास्त गळती इथेच होते आणि दोष मात्र उघड्या तोंडाला मिळतो. उतरत्या छपरावर वरून वाहत येणारे पाणी धुराड्याच्या पाठीला अडते, तिथे पाला आणि माती साचते, छोटासा बांधच तयार होतो. मग अडलेले पाणी कौलाखाली किंवा पत्र्याखाली शिरते. स्लॅबच्या घरात धुराडे आणि स्लॅब यांच्या मधल्या काटकोनात फट पडते आणि पाणी सरळ खाली उतरते.

तोंडात पोते कोंबल्याने फार तर पहिली वाट अडते. बाकीच्या तीन तशाच उघड्या राहतात. म्हणजे धूर घरात घेतला, आणि पाणीही घेतले!

मुरलेले पाणी काय करते

भट्टीची वीट पाणी पिते, हे तुम्हाला सांगायला नको. भारतीय मानकानुसार साध्या विटेने 24 तास पाण्यात बुडवल्यावर स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे तीन किलोची चांगली वीटसुद्धा सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी धरू शकते. कच्ची भाजलेली वीट त्याहून जास्त पिते. शंभर विटांचे धुराडे पुरते भिजले तर किती ओझे आणि किती ओल छपरावर बसली, हा हिशेब ज्याने त्याने करावा. वीट घेताना ही परीक्षा घरच्या घरी करता येते. कोरडी वीट तोला, रात्रंदिवस बादलीत बुडवून ठेवा, पुन्हा तोला. तीन किलोची वीट 3 किलो 600 ग्रॅमच्या वर गेली तर ती धुराड्याला वापरू नका.

ओल विटेतली क्षारे घेऊन बाहेर येते. पाणी वाळते, क्षार पृष्ठभागावर आणि त्याच्या जरा आत जमतात, फुगतात आणि विटेचा पापुद्रा काढतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोणा हे केवळ वरचे पांढरे डाग नव्हेत. आत पाणी फिरते आहे, याची ती खूण आहे.

धुराड्यात आणखी एक भर असते, ती काजळीची. ओल्या किंवा अर्धवट जळालेल्या सरपणाच्या धुरात डांबरासारखा चिकट अंश आणि आम्ल असते. काजळीत पाणी मुरले की त्याचा काळा-तपकिरी आंबट रस तयार होतो. तो चुन्याचा आणि सिमेंटचा माल आतून खातो. भिंतीवरचे ते ओघळ याच रसाचे असतात. म्हणूनच कितीही रंग दिला तरी ते वर उमटतात.

मग येतो पिंपळ. पाखरांच्या विष्ठेतून पडलेले बी ओल्या दरजेत रुजते. बोटभर रोप दिसते तेव्हा त्याची मुळी वीतभर आत गेलेली असते. देवाचे झाड म्हणून आपण हात लावत नाही आणि पाच वर्षांत धुराडे उभे चिरते. रोप लहान असतानाच मुळासकट काढून बांधावर लावा, पुण्यही लागेल आणि सावलीही मिळेल.

आणि शेवटची गोष्ट चुलीपुढच्या बाईला रोज कळते, पण बोलली जात नाही. भिजलेले धुराडे ओढत नाही. धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून. धुराडे ओले आणि गार असेल तर आतली हवा जड राहते, आच विटा वाळवण्यात खर्च होते आणि धूर मागे फिरतो. ‘‘पावसाळ्यात चूल लई धुपती’’ असे बायका म्हणतात, त्यात दोष नुसत्या ओल्या सरपणाचा नसतो, ओल्या धुराड्याचाही असतो.

‘आपल्याकडे पाऊस तो किती?’

हा युक्तिवाद आपल्या कोरेगाव तालुक्यात हमखास ऐकायला मिळतो. आपल्याच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या आसपासही नाही, हे खरे. पण तिथला माणूस पावसाला भितो, म्हणून तयारी करतो. भिंतींना गवताचा आडोसा बांधायची तिथे जुनी रीत आहे. आपण पावसाची वाट बघणारी माणसं. पाऊस आला की आनंद, गळती लागली तर ‘‘चार दिवसांचंच हाय’’ म्हणून दुर्लक्ष.

आपल्याकडचा पाऊस कमी असला तरी त्याची रीत धुराड्याला वाईट आहे. एप्रिल-मे महिन्यांत वीट तापून निघते आणि त्याच तापल्या विटेवर वळवाचा तिरका मारा बसतो. मग भिजणे आणि वाळणे, पुन्हा भिजणे आणि वाळणे, असे परतीच्या पावसापर्यंत चालते. विटेला आणि मालाला एकसारख्या ओलीपेक्षा ही उघडझाप जास्त तोडते.

शिवाय आता नक्षत्रांवर विसंबून राहण्याचे दिवस राहिले नाहीत. 2025 साली मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून. म्हणजे तो सोळा दिवस आधीच आला. ‘मृगाच्या आधी करू’ म्हणणाऱ्यांची घरकामे त्या वर्षी तशीच राहिली. धुराड्याचे काम होळी झाली की हाती घ्यावे आणि अक्षय्यतृतीयेपर्यंत उरकावे, हे बरे.

गुऱ्हाळाची चिमणी आणि घरचे धुराडे

आपल्या भागाला विटांची चिमणी नवी नाही. गुऱ्हाळघर चालवणारा मालक हंगामाआधी चुलवाण लिंपून घेतो, चिमणीची काजळी काढतो, भेगा बुजवतो. कारण चिमणी ओढली नाही तर चिपाडे नीट जळत नाहीत, काहिलीला आच पुरत नाही, रस वेळेत आटत नाही आणि गुळाचा रंग बिघडतो. गुळव्या पहिल्याच आदणाला ओरडतो. बाजारात भाव पडतो. नुकसान रुपयांत दिसते, म्हणून देखभाल होते.

घरच्या धुराड्याचे नुकसानही होतच असते, पण ते पावतीवर येत नाही. ते वासे कुजण्यात, आढ्याला वाळवी लागण्यात, भिंत फुगण्यात, जास्त सरपण जळण्यात आणि दवाखान्याच्या फेऱ्यांत विखुरलेले असते. हे सगळे एकत्र मांडले तर गवंड्याची एक-दोन दिवसांची मजुरी कधीच महाग वाटणार नाही.

काम कसे करावे

आता प्रत्यक्ष कामाचे बोलू. गवंडी आणि बिगारी दोघांना वर चढवण्याआधी एक सूचना. छप्पर सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर थेट पत्र्यावर पाय देऊ नका, लांब फळी टाकून तिच्यावरून चाला. हे पत्रे जुने झाले की पापडासारखे मोडतात आणि माणूस खाली येतो. जवळून विजेची तार जात असेल तर आधी बंदोबस्त करा.

पहिले काम सफाईचे. दोराला पोत्याचा घट्ट बोळा आणि खाली वजन बांधून वरून खाली-वर ओढा. काजळी चुलीत उतरेल, म्हणून चूल आधी झाकून घ्या. साळुंकीची, चिमणीची घरटी असतील तर पिल्ले उडून गेल्यावर काढा. धुराड्याच्या तळाशी काजळी काढायला एक झाकण ठेवले तर दरवर्षीचे काम सोपे होते.

दुसरे काम दरजा भरण्याचे. भुगा झालेला माल निदान इंचभर खोल खरवडून काढा, झाडा, पाणी मारा आणि मगच नवा माल दाबून भरा. जुन्या वाड्याचे चुन्यातले धुराडे असेल तर दरजा चुना-वाळूनेच भरा. मऊ जुन्या विटांत नुसते कडक सिमेंट भरले तर ओल दरजेतून बाहेर पडत नाही, ती विटेतून पडते आणि वीटच फुटते. नव्या विटांच्या कामाला एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू हा माल चांगला. त्यात थोडी लवचीकता राहते आणि भेगा कमी पडतात.

तिसरे काम माथ्याचे. जुना भेगाळलेला थर काढून टाका. बारीक खडीचे काँक्रीट, आत जाळी घालून, निदान दोन इंच जाडीचे करा. उतार तोंडाकडून बाहेर असावा आणि कड विटांच्या बाहेर दोन इंच यावी. या कडेच्या खालून बोटभर खाच काढायला गवंड्याला सांगा. खाच असली की पाणी तिथून ठिपकून खाली पडते, नसली तर कडेखालून उलटे वळून विटांवर येते. घराच्या पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्यात म्हणून आपण वळचण ठेवतो, तसेच हे.

चौथे काम टोपीचे. चार कोपऱ्यांवर विटांचे चार पाय उभे करा आणि वर शहाबादी फरशी किंवा सिमेंटची लादी बसवा. तोंड आणि लादी यांच्यात सहा ते नऊ इंच मोकळी जागा ठेवा. त्याहून कमी ठेवली तर काजळीने तोंड भरते, फार जास्त ठेवली तर तिरका पाऊस आत येतो. लादी चारही बाजूंनी तीन-चार इंच बाहेर असावी. मोकळ्या जागेला मोठ्या भोकांची जाळी लावली तर पाखरे आत येत नाहीत. मात्र बारीक जाळी नको, ती एका हंगामात काजळीने बुजते.

पाचवे काम छपराच्या जोडाचे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. कौलारू छपराला जस्ती पत्र्याची पट्टी वाकवून लावा. पट्टीची वरची कड धुराड्याच्या दरजेत इंचभर खोचून मालाने बंद करा. खालची कड उताराच्या खालच्या बाजूला कौलांच्या वर यावी, आणि वरच्या बाजूला कौलांच्या खाली जावी. पाणी नेहमी वरच्या वस्तूवरून खालच्या वस्तूवर उतरले पाहिजे, एवढे सूत्र लक्षात ठेवले की गवंडी चुकत नाही. धुराडे रुंद असेल तर त्याच्या पाठीमागे छोट्या आढ्यासारखा उंचवटा करा, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना फुटून निघून जाते. स्लॅबचे घर असेल तर काटकोनात चारही बाजूंनी वाटा काढा, म्हणजे तिथे मालाची तिरकी गोलाई द्या. पाण्याला थांबायला कोपराच उरत नाही.

नवे काम उन्हाळ्यात होणार, म्हणून पाणी मारण्यात कसूर नको. सिमेंटच्या कामावर ओले गोणपाट गुंडाळा आणि सात दिवस ते वाळू देऊ नका. धुराड्याला पोत्याचा खरा उपयोग असेल तर तो इथे!

काम झाल्यावर परीक्षा घ्या. जोडाच्या वरच्या बाजूला सावकाश दोन-तीन बादल्या पाणी ओता आणि एकाने आत उभे राहून बघावे. मे महिन्यात दिसलेली गळती थोडक्या मालात बंद होते, जुलैत दिसलेली गळती दिवाळीपर्यंत सोसावी लागते.

काय करू नये

धुराड्याला बाहेरून ऑइलपेंट किंवा डांबर फासू नका. बाहेरून पाणी अडते, पण आतली वाफ आणि ओल कोंडून राहते व वीट आतून सडते. विटेला श्वास घेऊ द्या.

तोंडावर पत्रा पालथा घालून खाली चूल पेटवू नका. कोंडलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो माणसाला झोपेतच नेतो. बंद न्हाणीघरात पाणी तापवायची चूल असेल तर दुप्पट काळजी घ्या.

पावसात चार दिवस बंद राहिलेल्या धुराड्याखाली एकदम भडका करू नका. आधी मंद जाळ ठेवून विटा हळूहळू वाळू द्या. नाहीतर विटेतल्या पाण्याची वाफ होऊन वीट तडकते.

धुराडे उगाच उंच नेऊ नका. छपराबाहेर जिथे ते येते तिथून निदान तीन फूट, आणि दहा फुटांच्या आतल्या आढ्याच्या वर दोन फूट, एवढी उंची ओढीला सहसा पुरते. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आपल्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. झडलेल्या दरजांवर उभा असलेला विटांचा उंच डोलारा हादऱ्यात सर्वांत आधी छपरावर कोसळतो, आणि त्याखाली माणसे झोपलेली असतात.

आणि धुराडे खरोखरच वापरात नसेल तर? मग ते अर्धवट बंद करून ठेवू नका. छपराच्या खालीपर्यंत उतरवून छप्पर नीट मिटवून घ्या. उतरवायचे नसेल तर वर टोपी ठेवा आणि खाली हवेला भोक ठेवा, म्हणजे आत ओल कोंडणार नाही.

पंचायतीने काय करावे

आता दोन शब्द गावच्या कारभाऱ्यांना. सरकारने धुराड्याचा विचार कधी केलाच नाही, असे नाही. 1980 च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि देशभर तीन कोटींहून अधिक निर्धूर चुली बसवल्याची नोंद झाली. आपल्या जिल्ह्यात फलटणला आरती संस्थेनेही सुधारित चुलींवर बरेच काम केले. पण चुली मोजल्या गेल्या आणि त्यांची देखभाल कुणी मोजली नाही, ही त्या कार्यक्रमावरची ठरलेली टीका. 2002 साली केंद्राने तो थांबवला. छपराला भोक पाडून पाइप वर काढला, पण त्या भोकाभोवतीची गळती आणि पाइपातली काजळी यांना वाली नसला, तर पहिल्या-दुसऱ्या पावसात घरमालक पाइप काढून भोक बुजवणारच. निर्धूर चूल मग पुन्हा धुराची होते.

हीच चूक घरकुलांत होऊ नये. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचे किमान क्षेत्र 25 चौरस मीटर ठरवले आहे आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरली आहे. जागा मोजायला येणाऱ्याने एक प्रश्न जादा विचारावा, ‘‘धूर कुठून जाणार?’’ ज्या घरात चूल पेटणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे नुसती जागा मोजून भागत नाही. धुराडे, त्याची टोपी आणि छपराचा जोड हे घर बांधतानाच करून घेतले तर काम स्वस्तात होते. स्लॅब पडल्यावर ते फोडून करायचे म्हटले की दुप्पट खर्च.

ग्रामपंचायतीच्या हातात याशिवाय तीन गोष्टी आहेत. 1 मे ची ग्रामसभा पावसाळ्याच्या तोंडावर येते. तिथे पाणीटंचाई आणि नालेसफाईबरोबर घरांच्या धुराड्यांचा विषय पाच मिनिटे घ्यावा. दुसरे, शाळेची पोषण आहाराची खोली, अंगणवाडी, समाजमंदिर, जिथे जिथे चूल पेटते तिथली धुराडी पंचायतीने आधी दुरुस्त करावीत. लोक सांगण्यापेक्षा बघून शिकतात. तिसरे, गावातल्या दोन-तीन गवंड्यांना एकत्र बसवून टोपी, खाच, वाटा आणि जस्ती पट्टी यांचे काम एकदा नीट दाखवावे. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले जुने ग्रामसेवक, यांनी मनावर घेतले तर याला वेगळा निधी लागत नाही.

ग्रामसभेत हा विषय निघेल तेव्हा बायकांना बोलू द्या. कोणते धुराडे ओढते, कोणते धूर परत फेकते आणि पहिल्या पावसात पाणी नेमके कुठून टपकते, याची माहिती गवंड्यापेक्षा त्यांना जास्त असते. छपरावर चढण्याआधी घरातल्या बाईला विचारावे आणि काम झाल्यावर तिनेच चूल पेटवून पसंती द्यावी. तिचे डोळे कोरडे आणि भिंतही कोरडी, एवढी खूण पटली तर काम झाले असे समजा. ती पटली नाही, तर गवंड्याला मजुरी देण्याआधी पुन्हा वर चढवा.